लाल डाग, चार वाजायच्या आत

डब्लिनच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच मराठी घरांमध्ये सुलेखाचा नंबर ‘सुलेखा डाग’ या नावाने सेव्ह केलेला आहे. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये तिने अकरा वर्षं कापडावर रंग पक्का बसवायचं काम केलं. मग नवऱ्याला, हृषीकेशला, इकडे नोकरी लागली. दोन वर्षं घरी बसून भिंतींशी बोलून झाल्यावर ती क्लोनडॉकिनमधल्या कार्पेट धुणाऱ्या एका कंपनीत चिकटली. आईला फोनवर हे कळलं तेव्हा आई म्हणाली होती, “म्हणजे तिकडं रंग लावत होतीस, इकडं काढतेस. कुठं तरी एका बाजूला थांब की गं बाई!”

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी दुपारी साडेबाराला फोन वाजला.

“सुलेखाताई, प्लीज, आत्ता येऊ शकाल?” ॲडम्सटाउनची माधवी. आवाज रडायच्या अलीकडे.

“काय सांडलंय?”

“कुंकू. परवा चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं ना, तेव्हा. आणि आज चार वाजता नोरीन येतीये.”

नोरीन म्हणजे घरमालकीण. तिला घर विकायचं होतं आणि माधवीला मेअखेर ते सोडायचं होतं. त्याच गल्लीत नोरीनच्या चुलतभावाचं घर रिकामं होत होतं. आज नोरीन घर बघणार आणि भावाला फोन करून सांगणार, ही माणसं कशी आहेत ते. त्या एका फोनवर सगळं होतं. माधवी आणि तिचा नवरा अनीश दोन महिने घरं बघत फिरत होते. एकेका घरासमोर साठ-साठ माणसं रांगेत असायची. आणि याच नोरीनने आधीच्या भाडेकरूंना कार्पेटवर इस्त्रीचा एक डाग सापडला म्हणून पुढच्या घरमालकाकडे चांगला शब्द टाकायला साफ नकार दिला होता.

दुपारचं काम रद्द झालेलंच होतं. सुलेखाने बॉसला विचारून व्हॅन वळवली.

दार उघडताच माधवीने तिला हाताला धरून मागच्या अंगणाकडे, पॅटिओकडे उघडणाऱ्या काचेच्या दारापाशी नेलं आणि टीपॉय बाजूला ओढला. सायीच्या रंगाच्या कार्पेटवर तळहाताएवढा विटकरी लाल डाग.

“जाईल ना?”

“आधी बघू तर दे.”

सोफ्यावर माधवीच्या सासूबाई बसल्या होत्या. लीलावतीकाकू, तासगावहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. त्यांच्यामागे पुस्तकांच्या शेल्फात गौर बसवलेली, पुढे घासून लखलखीत केलेलं पितळी ताट.

“स्वरालीने करंडा उडवला,” माधवी म्हणाली. “तेही कबूल करत नाही. ‘आय डिडन्ट, मम्मा, आय स्वेअर!’ आठ वर्षांची मुलगी तोंडावर खोटं बोलते. परवापासून आयपॅड बंद केलाय.”

काकूंचं बोट पदरात थांबलं.

सुलेखाने पेटीतून लालचं औषध काढलं. कृत्रिम लाल रंगाला कंपनीची एकच रीत होती. औषध फवारायचं, वर ओलं फडकं टाकायचं आणि गरम इस्त्री दाबायची. वाफेबरोबर रंग फडक्यात चढतो. तिने इस्त्री लावली. एक वाजून पाच मिनिटं. इस्त्री तापून सुस्कारे टाकायला लागली.

ती गुडघ्यावर बसली आणि सवयीने बोटांनी कार्पेटचे तंतू फाकवले. थांबली. तंतू ताठ होते, भात वाळून चिकटावा तसे. वाकून वास घेतला. साबण. आणि अगदी मुळाशी, जिथे काही पोचलं नव्हतं, तिथे लाल नव्हतंच. पिवळं होतं.

“यावर काही लावलंय का?”

“काही नाही! मी हातसुद्धा लावू दिला नाही कोणाला.”

“साबण, सोडा, काहीतरी?”

“नाही हो ताई. लावा ना इस्त्री, वेळ चाललाय.”

सुलेखाने इस्त्रीचं बटण बंद केलं. “व्हिनेगर आहे?”

“व्हिनेगर?” माधवीने किचनमधल्या प्रेसचं दार उघडलं, कपाटाला ती आता प्रेसच म्हणायची. बाटली आणून दिली. सुलेखाने बोटाने एक थेंब डागाच्या कडेवर सोडला. तिघींच्या डोळ्यांदेखत थेंबाखालचा लाल रंग फिकटला, नारिंगी झाला आणि मग स्वच्छ पिवळा.

“अय्या, हे काय?”

“हे कुंकू नाहीच माधवी. हळद आहे. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. मी इस्त्री दाबली असती तर वाफेने पिवळा कायमचा बसला असता.” तिने सोफ्याकडे न बघता विचारलं, “पण सोडा आपोआप कसा लागेल?”

बाहेर ढग सरकले, पॅटिओ उजळला, पुन्हा काळवंडला.

“म्या लावला,” लीलावतीकाकू म्हणाल्या.

“आई?”

“बायकांच्या हाताला लावायला हळद भिजवली व्हती, ती वाटी माज्या हातनं सुटली. तू दारात बायकांना सोडाय गेलीस तवा. ती पोरगी नुसती शेजारनं पळत गेली. तुमी दारात बोलत हुता तवर म्या सोडा आन् साबण लावून घासलं. घरी लुगड्याला हळद लागली की तसंच करतो आमी. लाल हुतंय, मग उनात टाकलं की निगून जातंय.” त्यांनी कार्पेटकडे हात केला. “पर हे मेलं जमिनीला खिळलेलं! उचलून वाळत कसं टाकायचं? आन् तू आलीस ती ‘कुंकू सांडलं, स्वराली’ करतच. माजी जीभच उचलंना.”

माधवी कार्पेटवरून सासूकडे वळली. “दोन दिवस मी त्या पोरीला...”

“नंतर,” सुलेखा म्हणाली. “दोघी सासू-सुना नंतर भांडा. मला कोमट पाणी द्या. भरपूर.”

व्हिनेगरच्या पाण्याने तिने डाग भिजवला, मशीनने ओढून घेतला, पुन्हा भिजवला. लाल गेला आणि तळहाताएवढं पिवळं सूर्यफूल उरलं.

“हे तर आणखी दिसतंय!” माधवी किंचाळली.

“आता ते खरं दिसतंय.” तिने पेरॉक्साइड शिंपडलं, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं. “एकट्या औषधाला उद्या सकाळ होईल. ऊन मिळालं तर दोन तास.”

“आयर्लंडमध्ये? ऊन?”

पावणेदोनला ढग फाटले. ऊन आलं, पॅटिओच्या काचेतून आत शिरलं आणि डागापासून हातभर अंतरावर थांबलं. भिंतीची सावली नेमकी डागावर. अनीशचा ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसातून तिसरा फोन आला. “गेला का?” “ठेव रे!” एवढंच त्याला ऐकायला मिळालं.

तेवढ्यात मागे भांड्यांचा आवाज झाला. काकूंनी गौरीपुढचं ताट उचललं होतं. त्यातले बत्तासे-हरभरे बाजूला काढून त्या गुडघा धरत उन्हात बसल्या, ताट तिरपं केलं. छतावर उजेडाचा गोळा नाचला, भिंतीवरून घसरला आणि डागावर येऊन थरथरत थांबला.

“असं चालंल का गं?”

“चालेल काकू. हात मात्र हलवू नका.”

“तासगावच्या द्राक्षबागंत दिवसदिवस उभी राहिलेली बाई हाय मी. हात न्हाई हलायचा.”

हात हलत होता. मग माधवी पाठीमागे येऊन बसली आणि तिने सासूच्या कोपराखाली आपला गुडघा लावला. ढग आले की तिघी पॅटिओकडे बघत, ऊन आलं की डागाकडे. सुलेखा दर वीस मिनिटांनी प्लास्टिक उचलून औषध बदलत होती. अडीच, लिंबाचा रंग. सव्वातीन, तुपाचा. साडेतीनला तिने साध्या पाण्याने धुऊन मशीन फिरवलं. डोळे बारीक केले तरच काहीतरी वाटेल, इतकंच उरलं.

चारला दहा कमी असताना माधवीने कपाटातून कार्पेट शाम्पूच्या फेसाचा डबा काढला. “जरा वास तरी चांगला येऊ दे, व्हिनेगर मारतंय नुसतं.” झाकण उडालं, नळी कार्पेटकडे वळली.

“साबण न्हाई!” काकूंनी ताट टाकलं आणि सुनेचं मनगट धरलं. ताट खणखणत गोल फिरलं. “परत लाल हुईल ते, बये!”

सुलेखाही माधवीला अडवायला त्याच वेळी उठली होती. ती परत खाली बसली. दारावरची बेल वाजली.

नोरीन उंच, पांढऱ्या केसांची, ओला रेनकोट हातावर. दारातूनच तिने ओल्या कार्पेटकडे पाहिलं. व्हॅन बाहेर पाहिलीच असणार.

“वेल नाउ,” ती म्हणाली. “इथे काय झालं?”

माधवीने ओठ उघडले. पण आधी बोलल्या त्या काकू, मराठीत, उभं राहून, सुलेखाकडे बघत. “सांग तिला. हळद माज्या हातनं सांडली. पोरीनं न्हाई, सुनेनं न्हाई. मी घासून आणखी घाण केली, आन् तू काढलीस.”

सुलेखाने सगळं सांगितलं. घासल्याचंही गाळलं नाही.

नोरीनने खिशातून पांढरा टिश्यू काढला, गुडघ्यावर बसली आणि ओल्या जागी दाबला. टिश्यू उलटा केला. पांढरा. तिने दुसरा काढला, शेजारी दाबला. तोही पांढरा. मग काकूंकडे वर पाहिलं, जमिनीवरच्या ताटाकडे पाहिलं.

“युअर वुमन, ह्या आजी, इथे ताट घेऊन बसल्या होत्या? दोन तास?”

“जवळपास.”

नोरीन हाताला धरून उठली. हात काकूंनी दिला होता. “आधीच्या लोकांनी डागावर रोपाची कुंडी ठेवली होती,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर...” तिने फोन काढला आणि पॅटिओकडे तोंड केलं. “पॅडी? तुझ्या घराबद्दल. हो, तेच कुटुंब. दे आर ग्रँड. चावी त्यांना दे.”

माधवीने दोन्ही हात तोंडावर धरले.

“काय म्हणाली?” काकूंनी विचारलं.

“ग्रँड म्हणाली.”

“म्हंजी?”

“म्हणजे घर मिळालं, काकू.”

काकू सोफ्याच्या कडेवर टेकल्या, पण क्षणभरच. मग त्यांनी पायांनी चपला शोधायला सुरुवात केली.

“स्वराली शाळंतनं कवा सुटती?”

“पाचपर्यंत आफ्टरस्कूलला असते,” माधवी म्हणाली. “मी आणते ना.”

“आणणार मी. तू नुसती वाट दाव.” त्यांनी पदर खोचला. “तिला इंग्रजीत सॉरी म्हणायचं कसं, तेवढं वाटेत शिकव. आन् तो आयपॅड घे बरोबर.”

सुलेखा पाइप गुंडाळत होती. “माधवी,” ती मागून ओरडली, “वाळल्यावर कडेला पिवळं दिसलं तर फोन कर. घासू नकोस!”

“न्हाई घासत!” दोघी एकदम म्हणाल्या, आणि दार लागलं.