साळूमामींच्या पाठीवरचा बाण

साळूमामींचा हात दुसऱ्या कुणी धरलेला सोनबामामांना खपत नसे. मार्गासनीला कासार आला की गावच्या बायका त्याच्यापुढे हात करून गप्पा मारायच्या. मामींच्या बांगड्या मात्र मामा स्वतः आणायचे, अंदाजाने. त्या कधी कोपरापर्यंत चढायच्या, कधी मुठीतच अडकायच्या. एकदा भातलावणीत शेजारच्या चिमाजीने मामींच्या हातात रोपांची जुडी दिली, तर मामा त्याच्याशी सुगी होईपर्यंत बोलले नव्हते.

तसे मामा वाईट नाहीत. मामींना ताप आला की भाकरी थापतात. जाड होते, पण थापतात.

गेल्या वर्षी मामींच्या मणक्यातली गादी सरकली. डाव्या पायात आधी मुंग्या, मग पाऊलच उचलेना. पुण्याला ऑपरेशन ठरलं. भोरहून मी, त्यांची भाची, सोबत गेले.

सकाळी एक तरुण डॉक्टर वॉर्डात आले. "आजी, कुठला पाय दुखतो? हात लावून दाखवा." मामींनी डावी मांडी दाखवली. डॉक्टरांनी त्यांच्या कमरेवर डावीकडे शाईचा बाण काढला आणि शेजारी सही केली. मामा खाटेच्या पायथ्याशी उभे. चेहरा असा, की जणू समोर कासारच बसलाय.

डॉक्टर गेल्यावर मामा म्हणाले, "परक्या बाप्याचं नाव, अन् माज्या बायकोच्या पाठीवर?"

"अवो, नातवाएवढं पोरगं हाय त्ये!"

"पोरगं लई देखणं हाय."

मी हसले आणि चहा आणायला गेले.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टरांनी मामींची चादर बाजूला केली आणि स्ट्रेचरची गाडी तिथेच थांबवली. "खूण कुठाय?" कमर घासून लालभडक झालेली, बाण गायब. मामांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक निळं, आणि त्याला हात धुवायच्या स्पिरिटचा वास.

डॉक्टर बाहेर आले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "बाबा, आत आजी पालथ्या असतील, भूल दिलेली. तेव्हा त्यांना विचारता येत नाही, आणि डावं-उजवं कुणाचंही चुकू शकतं. मणका कितवा ते आम्ही एक्स-रे काढून मोजतो. बाजू या बाणावरून. सुरी लावायच्या आधी सगळे थांबतो. नाव, बाजू, मणका मोठ्यानं बोलतो. बाण नसेल तर सुरी नाही."

मामांनी टॉवेलचं निळं टोक मुठीत दडवलं. "म्हंजे... भलत्याच बाजूला कापलं आस्तं?"

"म्हणूनच तर गाडी थांबवली."

"मग काडा परत. मोटा काडा."

डॉक्टरांनी मामींना पुन्हा सगळं विचारलं, पुन्हा बाण काढला, पुन्हा सही केली. तेवढा वेळ मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. गाडी आत निघाली तसे एकदम वळले आणि ओरडले, "डावा! डावाच बरं का, सायेब!"

मामी चालत घरी आल्या. पाठीवरची शाई मात्र लवकर जाईना. अंग पुसून देताना मामा रोज वाकून बघायचे आणि पुटपुटायचे, "अजून हायेच का ह्ये?" पण घासायची काही हिंमत झाली नाही.

दिवाळीच्या आधी कासार आला. मामी स्वतःच्या पायांनी त्याच्यापर्यंत गेल्या आणि हात पुढे केला. मामा मागे, ओठ घट्ट मिटून. कासाराने बोटं धरली मात्र, मामा गरजले, "थांब! आदी तिला इचार, कुठला हात त्ये!"

मामींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"दोनीबी," म्हणाल्या.