खाली नाव नसलेली बातमी

सुलोचना भोयर हे नाव आज वर्ध्याच्या एका विद्यापीठात दारावरच्या पाटीवर आहे. वीस वर्षांपूर्वी ते कुठेच छापून येत नसे. ती आणि मी, आम्ही दोघं पुलगावचे वार्ताहर, दोन वेगळ्या पेपरांचे. बातमीवर 'पुलगाव, वार्ताहर' एवढीच आमची ओळख. रीत अशी, की पोलीस ठाण्यात एकाने जायचं आणि बातमी सगळ्यांनी वाटून घ्यायची. ज्याची पाळी त्याने चपला झिजवायच्या, बाकीच्यांनी आयतं लिहायचं.

एका मंगळवारी पाळी माझी होती. मोटारपंपाच्या चोरीत धरलेल्याचं नाव हवालदाराने सांगितलं, प्रेमदास झाडे. मला एकच प्रेमदास झाडे ठाऊक, नाचणगावचा, बाजारात वांगी विकणारा. 'भाजीविक्रेता, नाचणगाव' हे शब्द मी पदरचे घातले आणि सुलोचनाला फोनवर सांगितले. माझ्या पेपरात त्या दिवशी जागा नव्हती, तिच्या पेपरात बातमी आली. चोर दुसऱ्याच गावचा प्रेमदास निघाला. चौथ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा आला, तोपर्यंत प्रेमदासच्या मुलीची, गोपिकाची, सोयरीक मोडली होती. आम्ही दोघंही गप्प राहिलो. मी तर आजही आठवलं की स्वतःवर चिडतो.

सुलोचना मात्र बदलली. ज्याची बातमी, त्याच्या दारात गेल्याशिवाय ती ओळ लिहीना. "बातमी लिहितेस का सोयरीक जमवतेस?" असं मी चिडवायचो, कुठल्या तोंडाने कोण जाणे. त्याच हट्टावर तिने पुस्तक लिहिलं, बातमीआधी दार वाजवा असं सांगणारं. पुस्तकामुळे नाव झालं, पुढे पीएचडी, मग विद्यापीठ. प्रेमदासचं प्रकरण तेवढं पुस्तकात नव्हतं.

तिच्या वर्गात दर वर्षी बातमीत सापडलेला एक माणूस बोलवतात. तो विद्यार्थ्यांनीच शोधून आणायचा. गेल्या महिन्यात तिने मलाही ऐकायला बोलावलं. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि विभागप्रमुख श्रीनिवास सर तिचं शिकवणं पाहायला पहिल्या बाकावर बसले होते. अंकिता नावाची विद्यार्थिनी पाहुण्याला घेऊन आत आली. पाहुणा प्रेमदास होता.

सुलोचनाच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

प्रेमदासने खिशातून पिवळं पडलेलं कात्रण काढलं. "माह्या पोरीची सोयरीक मोडली याच्यापायी. पेपरात गेलतो, थे म्हणे वार्ताहर सोडून गेला. कोनं लिवलं, एवढंच मले पायजे."

"शोधायला हवं ना, मॅडम?" अंकिता म्हणाली.

सर वही उघडून बसले होते. सुलोचनाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती 'शोधू' म्हणाली असती तर सगळं निभावून गेलं असतं आणि मी मनातून तेच मागत होतो.

"शोधायची गरज नाही," ती म्हणाली. "मी लिहिली."

प्रेमदासने तिला निरखून पाहिलं.

"तुमी? हप्त्याले माह्याजवळून वांगे नेत होत्या तुमी!" त्याचा आवाज चढला. "मंग घरी काऊन नाई आल्या? दोन मैलायचं तं अंतर होतं."

पुस्तकभर ज्याचं उत्तर दिलं, तोच प्रश्न होता. डोळे भरले होते तिचे. तिने माझं नाव घेतलं नाही, आणि मी शेवटच्या बाकावर दगडासारखा बसून होतो.

"माझं चुकलं, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "आता पुन्हा लिहीन. सगळं, जसं झालं तसं."

प्रेमदासने कात्रण घडी घालून खिशात ठेवलं. "लिवा. पन या खेपेले खाली नाव टाकजा."

तिने लिहिलं, नावासकट. तिच्या नोकरीचा कागद अजून सरांच्या टेबलावर आहे. तिच्या लेखात फोनवर चुकीची ओळख सांगणारा 'एक सहकारी' एवढाच आहे.

तो सहकारी मी. कैलास उरकुडे, तेव्हाचा पुलगाव वार्ताहर.