वजनाचं पाणी

"रिकाम्या टाकीला सोलर बांधल्यावर दुसरं काय व्हायचं?" शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवर सुनेला सांगत होत्या. "भोक पाडलं की स्लॅब गळतो म्हणं! घ्या आता."

मी आमच्या गच्चीवर काचेचा चुरा झाडत होते. मला पाहून काकूंनी आवाज थोडा खाली आणला, इतकंच. मी ऐकलं तरी काही बोलणार नाही, याची सगळ्या गल्लीला खात्री होती.

त्या खोटं बोलत नव्हत्या. सोलर बसवताना बाबांनी स्लॅबला ड्रिल लावू दिलं नव्हतं. त्याऐवजी लोखंडी स्टँडचे पाय पाण्यानं भरलेल्या टाक्यांना तारेनं आवळले. तेव्हा आमच्या उस्मानपुऱ्यात दिवसाआड नळ यायचे. टाकी रिकामी राहील असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग शहर बायपासच्या पलीकडे पसरत गेलं, पाऊस आटला, नळ आठवड्यावर गेले. टाक्या कोरड्या पडल्या. त्यांच्याच भारावर स्टँड उभा आहे, हे आम्ही सगळेच विसरलो. आदल्या संध्याकाळच्या वादळानं तो टाक्यांसकट उलटा केला. पाऊस मात्र अंगण भिजेल इतकाही पडला नाही.

बहुतेक पॅनेलं फुटली, दोन शाबूत राहिली. बाबांनी ती परत उभी केली आणि पुन्हा टाक्यांनाच बांधली.

"आता तरी बोल्ट मारून घ्या," आई म्हणाली.

"आणि स्लॅब गळला तर?"

"गळायला पाऊस कुठंय?"

बाबा हसले नाहीत.

दुपारी नळ आले. एरवी आधी स्वयंपाकघरातले हंडे भरायचे, मग पिंप, मग गच्ची. त्या दिवशी बाबांनी आधी मोटर लावली आणि सगळं पाणी वर चढवलं. पिंप अर्धंही भरलं नाही, तोवर नळ गेले. आईनं मोरीतली तोटी सोडून पाहिली. कोरडी. बाबांनी वरचा कॉक बंद केला होता.

"ते वजनाचं पाणी आहे," ते जिन्यातून म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही. आजपण वादळ सांगितलंय."

आईनं तांदूळ धुतलेल्या पाण्यात ताटं विसळायला घेतली.

मी वर गेले. खुलताबादच्या बाजूचं आभाळ मातकट झालं होतं. बाबा टाकीला पाठ लावून बसले होते, एक हात कॉकवर. इन्व्हर्टर वादळातच जळाला होता. त्या दोन पॅनेलांवर आता घरातला एक दिवाही लागणार नव्हता आणि हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

शाळा इंग्रजीत झाल्यामुळे असेल, मोठ्यांशी बोलायचं तर मी आधी वाक्य मनात जुळवते. ते जुळेपर्यंत बहुतेक वेळा बोलणं संपलेलं असतं. तेव्हाही मी जुळवतच उभी होते. वारा सुटला. तार टाकीला घासून करकरली. बाबांनी दुसरा हातही कॉकवर ठेवला.

"बाबा, कॉक सोडा," मी म्हणाले. "पॅनेलं उडाली तर उडू द्या."