आप्पांचं डकोटा

गुरुपाद आमच्या केजच्या कॉलेजात टायपिंग शिकवायचा. १९९९ साली टाइपरायटरच्या खोलीत सहा संगणक आले आणि एका उन्हाळी सुट्टीत तो तेही शिकला. अंगानं बारीक, बोलायला कमी, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. मी त्याच कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून त्याचं वेड मला इतरांच्या आधी कळलं.

संगणकावर विमान चालवण्याचा एक प्रोग्राम असतो. जगभरातले हौशी लोक त्यासाठी जुनी, कधीच मोडीत निघालेली विमानं स्वतः तयार करतात. पंखे, चाकं, इंजिनाचा आवाज, वैमानिकासमोरची एकेक कळ. मग इंटरनेटवरच्या मंडळात ती एकमेकांना फुकट देतात. गुरुपाद अशा एका मंडळाचा सभासद होता. कॉलेज सुटलं की तासभर बसायचा.

आमचा शिपाई बंकट त्याला रोज छेडायचा. "काय मास्तर, इमान उडालं का? उडालं तर आमाला कपिलधारच्या यात्रेला सोडा. जीपवाला लई कोंबतो."

गुरुपाद हसायचा आणि काम चालू ठेवायचा.

तो बनवत होता ते डकोटा जातीचं विमान त्याच्या वडलांचं होतं. महांतेशआप्पा निजामाच्या काळात हैदराबादला विमान कंपनीत मिस्त्री होते. पुढे कंपनी राहिली नाही, आप्पा गावी आले आणि चाळीस वर्षं किराणा दुकानात बसले. ते सांगायचे, ती विमानं लढाईतून उरलेली होती; आम्ही मिस्त्र्यांनी निम्म्या कळा आमच्या सोयीनं इकडच्या तिकडं केल्या होत्या. तशा बदललेल्या कळांचा फोटो कुठेच नव्हता. ते विमान आता फक्त आप्पांच्या डोक्यात होतं.

दोन वर्षं रोज संध्याकाळी गुरुपाद दुकानातली पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसला. आप्पा डोळे मिटायचे, हवेत हात उचलायचे. "इथं पेट्रोलची कळ. त्येच्या खाली चार बोटं सोडून लाल दिवा. न्हाई, आजून डावीकडं." गुरुपाद पाटीवर काढायचा, दुसऱ्या दिवशी संगणकावर चढवायचा आणि पाटी पुसायचा. घरी संगणक नव्हता. एकदा मी म्हणालो, "आप्पांना इथं आणून दाखव की."

"न्हाई म्हणत्यात सर. अर्धवट इमान बघायचं न्हाई म्हणं."

२००१ च्या श्रावणात आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंतचीही खात्री दिली नाही. कळा जवळजवळ सगळ्या बसवून झाल्या होत्या, इंजिनाचा आवाज तेवढा राहिला होता. मंडळाचा वार्षिक संग्रह डिसेंबरात निघायचा आणि तीस नोव्हेंबर ही विमान पाठवायची शेवटची तारीख होती. पण गुरुपादला तारखेपेक्षा दुसरी घाई होती. आप्पा आहेत तोवर त्यांना त्यांचं विमान दाखवायचं होतं.

सत्र संपलं की सगळे संगणक पुसून नव्यानं भरायचे, असा नियम मीच केला होता. त्याप्रमाणे दसऱ्याच्या आधी ते पुसले. पुसण्याआधी गुरुपादनं त्याचं काम पाच फ्लॉप्यांवर घेतलं. दोन प्रती ठेव, असं मी बजावल्यामुळे आणखी पाच फ्लॉप्या भरल्या. दहाही एकाच स्टीलच्या डब्यात घरी ठेवल्या.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा असते. गुरुपादच्या घरी तराजू, मापं आणि त्याचा जुना टाइपरायटर पाटावर मांडायचे. त्या वर्षी त्याची बायको नीलाबाई हिनं डबाही पाटावर ठेवला. नवऱ्याचं खरं हत्यार आता तेच, हे तिला पक्कं माहीत होतं. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटानं सरकतं आणि आतली काळी चकती उघडी पडते. तिनं एकेक झाकण सरकवलं आणि ओल्या विभूतीची तीन बोटं आतल्या चकतीवर ओढली. दहाही फ्लॉप्यांवर.

दसऱ्याला गुरुपाद डबा घेऊन माझ्या घरी आला. डबा उघडून त्यानं राख वाळलेली चकती दाखवली; अशी चकती यंत्र वाचत नाही. मागोमाग नीलाबाई आली.

"वरच्या पल्याष्टिकला लावून देवाला काय पोचतंय, म्हणून आत लावलं सर," ती म्हणाली. "दरसाल टाइपरायटर पुजते मी. त्याला कदी काय झालं न्हाई. आन् आप्पांचं काम हाय म्हणून लई मनापासून लावलं वो."

"तिला का म्हणून बोलू मी," गुरुपाद म्हणाला. "माज्या जागी मी आसतो तर मीबी तेच केलं आसतं." आपण काय बोललो, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

मंडळातल्या हॅरल्ड नावाच्या कॅनडातल्या निवृत्त शिक्षकानं उपाय कळवला. कवच फोडायचं, चकती शुद्ध पाण्यानं धुवायची, नव्या कवचात घालायची. बॅटरीवाल्याकडून पाण्याच्या चार बाटल्या आणल्या. गुरुपाद आणि नीलाबाई दोघांनी चकत्या धुतल्या, सुती धोतराच्या तुकड्यावर वाळवल्या. दहा दिवस रोज मी खोली उघडून देत होतो. विमानाचा बाहेरचा सांगाडा आणि पंख परत मिळाले. कळांचा भाग एकाही प्रतीतून वाचता आला नाही. यंत्र घरघरायचं आणि थांबायचं. गुरुपाद तीच फ्लॉपी काढून पुन्हा घालायचा. एका दिवसात चाळीसदा घातलेली मी पाहिली आहे.

"मास्तर, चहा घ्या," बंकट म्हणायचा. छेडणं त्यानं बंद केलं होतं.

साठांपैकी चाळीसेक कळा गुरुपादला आठवत होत्या. हॅरल्डनं आपल्या डकोटाच्या कळा पाठवल्या आणि उरलेल्या जागी त्या बसव, म्हणून लिहिलं. गुरुपाद आधी नको म्हणाला. मग आप्पांना खोकला लागला, अन्न जाईना, तेव्हा त्यानं बसवल्या आणि इंजिनाचा आवाजही भरला.

सव्वीस नोव्हेंबरला मी नियम मोडून संगणक बाहेर नेण्याच्या पासावर सही केली. सकाळी वीज असते त्या वेळी जीपमधून यंत्र त्याच्या घरी नेलं. आप्पांना तक्क्याला टेकवून बसवलं. नीलाबाईनं त्यांचा चष्मा पुसून लावला. गुरुपादनं इंजिन सुरू केलं. आप्पांनी मान उचलली आणि डोळे मोठे केले. डावा हात हळूहळू वर आला, पडद्याच्या दिशेनं गेला आणि वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ थांबला. तिथं काहीच नव्हतं. चित्रात नुसता कोरा पत्रा होता.

"काय हुतं आप्पा तिथं?" गुरुपाद म्हणाला. "दिवा? कळ? हाताचा दांडा? दिवा आसंल तर माजं बोट दाबा."

आप्पांचे ओठ हलले. घशातून आवाज आला, शब्द आला नाही. बोट त्यांनी दाबलं नाही. हात तसाच अधांतरी राहिला, आणि गुरुपाद त्याला जेवढी नावं येत होती तेवढी एकेक म्हणत गेला. शेवटी नीलाबाईनं आप्पांचा हात खाली घेतला. आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं.

तीन दिवस गुरुपाद त्यांच्याजवळ बसून होता. आप्पांनी पुन्हा हात उचलला नाही. चौथ्या दिवशी, तीस तारखेला, तो यंत्र परत घेऊन खोलीत आला आणि त्यानं मंडळाला चार ओळी लिहिल्या. मराठीत त्यांचा अर्थ असा होता: माझं विमान तयार नाही. जे आहे ते माझ्या वडलांचं नाही. संग्रहात घेऊ नये.

मग त्यानं हॅरल्डच्या कळा एकेक करून काढल्या आणि तो मला म्हणाला, "सर, खोली बंद करा. आप्पांना भरवायची वेळ झाली."