जोडव्यांचा सांधा

शहाद्याला मामांच्या दुकानात मी कारागिरी शिकायला बसले तेव्हा वाटलं होतं, आधी अंगठीच करायला देतील. हाती आली पायातली जोडवी. चांदीची जाड तार तापवायची, गोल सळईवर वळवायची, हलक्या हाताने ठोकायची आणि दोन्ही टोकं जवळ आणून थांबायचं. अंगठीच्या सांध्याला झाळ देतात, म्हणजे वर चांदीचा कण वितळवून सांधा बुजवून टाकतात. जोडव्याला झाळ देत नाहीत. मी कारण विचारलं.

"पाय सुजतस," मामा म्हणाले. "ढिल्लं करता येवाले पाहिजे."

मामांचं बोलणं असं तोलून मापून. काम बिघडलं तर "हं", जमलं तरी "हं"च. त्या दोन हुंकारांतला फरक मला कधी कळला नाही. त्यांनी एकदा तरी "चांगलं झालं" म्हणावं म्हणून मी हट्टाने बसून राहायचे.

वडील एस.टी.त कंडक्टर. धडगावच्या घाटात उभ्याने तिकिटं फाडण्यात त्यांचा जन्म गेला. पुढे किडन्या गेल्या आणि नंदुरबारला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. आई सोबत जायची. अशाच एका फेरीहून परतताना ती घरी न जाता सरळ दुकानात आली आणि माझ्यासमोर पाय पुढे करून बसली. उजव्या पायाच्या बोटातलं जोडवं नव्हतं. दवाखान्यात कुठेतरी सांधा फाकून ते निसटलं होतं, आणि आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नवी जोडी कर," ती म्हणाली. "सांधा बंद करी दे. परत पायमाईन निंघाले नको."

मामा म्हणाले, "जोडवाले झाळ देतस नही." सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात. आमच्या दुकानात दोन सोनार बसले होते, पण आईने दोघांचंही ऐकलं नाही. मग मामा उठून बाहेर गेले आणि मी शेगडी पेटवली. सांधा पक्का राहिला तर वडीलही राहतील, असं मलाही वाटलं. बी.कॉम. झालेल्या मुलीलाही असं वाटू शकतं. केस जाईल एवढीही फट दिसू नये इतकी मन लावून मी ती झाळ दिली. तेल लावून जोडवी आईच्या बोटांत बसवली, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

वडील संक्रांतीच्या आधी गेले.

त्यांना उचलायच्या आधी आत बायका आईभोवती बसल्या. मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या. जोडवी निघेनात. आत्याने साबण लावून ओढलं, बोट सोलून निघालं, तरी नाही. मी म्हणाले, राहू द्या ना, कुणाचं काय अडलंय. आत्या म्हणाली, "रीत शे." मला तिचा इतका राग आला की आजही पुरता गेलेला नाही. शेवटी मामांना आत बोलावलं. ते दुकानातून बारीक करवत घेऊन आले, बहिणीच्या पायाशी बसले, जोडव्यावर करवत टेकवली आणि परत उचलली. त्यांनी करवत माझ्या हातात दिली.

आईने पाय माझ्या मांडीवर ठेवला. "काढ, पोरी," ती म्हणाली. "तूच काढ."

बोटाला लागू नये म्हणून खाली पत्र्याची पट्टी सरकवून मी कापत राहिले. करवत सांध्याच्या दुसऱ्या बाजूने चालली. चांदीचा कीस आईच्या पावलावर पडत होता. आई माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. बाहेर वडिलांना ठेवलं होतं.

तेराव्याचे दिवस झाल्यावर मी दुकानात गेले. मामा ते कापलेले तुकडे उजेडात धरून बघत होते. एक तुकडा त्यांनी चिमट्याने ताणून पाहिला. सांधा सुटला नाही.

"झाळ चांगली बठेल शे," ते म्हणाले.

जे ऐकायला मी इतके दिवस तिथे बसले होते, ते ऐकलं आणि शेगडीकडे तोंड करून रडले.

आता मामांना कमी दिसतं, गादीवर मी बसते. लग्नाच्या दिवसांत नव्या नवऱ्या येतात. परवा एक सारंगखेड्याची आली होती. तिने जोडव्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, सांधा उघडा कशाला ठेवला?

"पाय सुजतस," मी म्हणाले.