आईची आन

आमच्या घरात खरं-खोटं करायची एक जुनी रीत होती. पोरांवर संशय आला की आईला खाली बसवायचं, पोराला तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा आणि म्हणवून घ्यायचं, "आईची आन." आन म्हणजे शपथ. खोटी घेतली तर आई मरते, हे वऱ्हाडात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या मुलीच्या बाबांना या रीतीचा भारी अभिमान. पोलिसांना जमत नाही ते आमच्या घरी एका मिनिटात होतं, असं ते चारचौघांत सांगायचे. डोकं माझं होतं, पण मला कधी कुणी विचारलं नाही.

मुलगी अकरावी सायन्सला होती. मेडशीहून रोज एसटीनं मालेगावच्या कॉलेजात जायची, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. सोयाबीन सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत माझ्या चुलतदिरानं तिला भरदुपारी मालेगावच्या स्टँडवरच्या बाकावर एकटीच डबा खाताना पाहिलं. त्यानं घरी येऊन सांगितलं, चहा घेतला आणि निघून गेला.

संध्याकाळी ती आली. खांद्यावरची बॅगही उतरली नव्हती.

"कुठं होती?" बाबांनी विचारलं.

"कॉलेजात."

"मंग तुहा काका खोटं बोलून राह्यला काय? खोट्याच्या कपायी गोटा असते. ठेव आईच्या डोक्यावर हात."

मी डाळ निवडत बसले होते, तशीच बसून राहिले. तिचा हात माझ्या केसांवर आला. तो केसांना जेमतेम टेकला आणि मला तेव्हाच कळलं. पोटच्या पोरीचं खोटं ओळखायला आन कशाला लागते?

"आईची आन, कॉलेजातच होती," ती म्हणाली. बाबांचं समाधान झालं आणि सगळे जेवायला बसले.

सायन्समधलं तिला काहीच समजत नव्हतं, हे पुढे कळलं. वर्गात उभं केलं की पोरं हसायची, म्हणून ती स्टँडवर बसून दिवस काढायची. इकडे बाबांनी तर गावभर सांगून ठेवलं होतं, पोरगी डॉक्टर होणार. आपण पोरांना असं काही विचारतो की त्यात खऱ्या उत्तराला जागाच नसते आणि मग पोरगं खोटारडं निघालं म्हणून गळा काढतो. "कुठं होती" विचारायच्या आधी "काय झालं वं बाई" एवढं कुणी विचारलं असतं, तर ती दारातच रडली असती.

तुरी सोंगायला आल्या तेव्हा माझं पोट दुखायला लागलं. अकोल्याला नेलं. गर्भपिशवीत गाठ निघाली, पिशवी काढून टाकली. मुलगी दवाखान्यात यायची, पण खोलीच्या दारातच उभी राहायची. घरी आल्यावर पाहते तर पोरगी बिनसाखरेचा चहा पितेय. संक्रांतीचा तिळाचा लाडूही तिनं हातात घेऊन तसाच ठेवून दिला. हीच पोरगी लहानपणी गुळाची ढेप फोडताना हाकलली तरी हलत नसे.

"काहून वं, गोड सोडलं का?" मी विचारलं.

तेव्हा तिचा बांध फुटला. "तू बरी होईस्तोर सोडलं. आई, म्या खोटी आन घेतली होती. माह्यानंच झालं हे तुले."

मी तिला जवळ ओढलं. "येडी हायेस का? गाठ पहिलेपासूनच होती. आन-बिन काही नसते." मग तिनं स्टँड, बाक, हसणारी पोरं, सगळं सांगितलं. तिथंच बसलेल्या बाबांनी खाली मान घालून ऐकलं आणि पुढच्या वर्षी आर्टला नाव टाकू म्हणाले. त्या दिवशी तिनं माझ्या हातून एक लाडू खाल्ला.

काढलेली गाठ तपासायला पाठवली होती. ती वाईट निघाली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, फारशी आशा दाखवली नाही. परतीच्या एसटीत आम्ही एकच ठरवलं, पोरीला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती दोष कुणाला देईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हापासून आमच्या घरात खोटं आम्ही बोलतो. अकोल्याला जातो ते टाके दाखवायला, केस गळतात ते अशक्तपणामुळे. तिचं ते "कॉलेजातच होती" मला आता कुठे नीट समजलं आहे.

परवा सकाळी ती माझ्या पुढ्यात येऊन बसली. हातात माझा कंगवा होता, केसांनी भरलेला.

"आई, खरं सांग. तुले काय झालं?"

"काही नाई वं. अशक्तपना हाये."

"मंग माह्या डोक्यावर हात ठेव अन् म्हन."

"आन-बिन काही नसते, सांगतलं ना तुले."

"नसते ना? मंग ठेव."

तिनं मान खाली घातली. बाबा दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले. मी हात उचलला. आनेनं कुणी मरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. हात तिच्या केसांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. माझ्या लेकराच्या डोक्यावर मला तो ठेवता येईना.

ती उठली, चुलीवर चहा ठेवला. माझ्या कपात साखर घालून तो माझ्या हातात दिला आणि स्वतःचा बिनसाखरेचा घेऊन शेजारी बसली.