गोळी न घेता जायची सकाळ

आमच्या ह्यांना कंपवात आहे. हात थरथरतात ते लोकांना दिसतं. अंग आखडतं, पाय जागच्या जागी अडतात, ते घरच्यांनाच ठाऊक. गेल्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी विचारलं, एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घेता का? नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून वर रोज एक कॅप्सूल घ्यायची. तिच्यात औषध आहे की ती नुसतीच बिनऔषधाची आहे, हे ना आम्हाला कळणार, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. मी म्हटलं, "छान. म्हणजे औषध आहे की नाही हेसुद्धा आता विचारायचं नाही." हे मात्र लगेच हो म्हणाले.

जाचक नियम एकच होता. तपासणीच्या दिवशी सकाळची नेहमीची गोळी घ्यायची नाही. आजार उघडा दिसला, तरच नव्या औषधाने काही केलं का ते समजणार. त्या सकाळी ह्यांना कुशीवर वळणंही जमायचं नाही. दाढी मी करायची, बटणं मी लावायची. स्वारगेटच्या पुढे हॉस्पिटलच्या दारात रिक्षा थांबली की हे पुटपुटायचे, "कॉलर नीट कर." नोकरीभर खडकीच्या कारखान्यात माल तपासून पास-नापास केला, बिनइस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस कधी कोपऱ्यावर दूध आणायलाही गेला नाही.

तपासणारी डॉक्टर आमच्या नातीच्या वयाची. चिमूट उघडा-मिटा, मूठ वळा, हात न टेकता खुर्चीतून उठा, चालून दाखवा. दुसऱ्या तपासणीला ह्यांना खुर्चीतून उठताच आलं नाही. पोरीचा चेहरा पडला. तिने तो लपवायचा प्रयत्न केला, पण आम्हा दोघांनाही दिसला. 

पुढच्या तपासणीला मी ह्यांना बाकावर बसवून पाणी आणायला गेले. त्या दिवशी गर्दी होती, नंबर उशिरा लागला. आत गेल्यावर हे खुर्चीतून उठले, चालले, वळलेसुद्धा. "आजोबा, कमाल केलीत!" डॉक्टर हरखलीच. मला रडू आलं. वाटलं, औषध लागलं, देवा, लागलं. तेवढ्यात ह्यांनी बाही खाली केली आणि मनगटाचं बटण स्वतः लावलं. अगदी सहज. गोळी अंगात भिनली की ह्यांची बोटं जशी चालतात, तशी ती चालत होती. इतक्या वर्षांत मला ते न सांगता कळतं.

बाहेर आल्याआल्या विचारलं, "गोळी कुठे होती?"

"खिशात." हे भिंतीकडे बघत म्हणाले. "अगं, एवढी धडपडतेय ती पोर. माझ्यापायी तिचं औषध नापास व्हायला नको."

मी इतकी संतापले! माझ्या स्वयंपाकाला जन्मात कधी बरं न म्हटलेला हा माणूस, आणि त्या पोरीचं मन राखायला निघाला! पण खरा राग वेगळाच होता. आत्ता आत मला जो आनंद झाला होता, तो ह्यांनी खोटा करून टाकला होता. मी म्हटलं, "अहो, कारखान्यात कामगारांना वाईट वाटेल म्हणून किती माल पास केलात?"

 हे वळले आणि दार ढकलून आत गेले. "डॉक्टर, आजचं धरू नका. मी गोळी घेऊन आलोय."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती ह्यांच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, औषध नापास झालं तर आम्ही दुसरं शोधू. पण खोटं पास झालं, तर तुमच्यासारखी माणसं तेच घेत बसतील." मग पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं, गोळी न घेता.

त्या सकाळी हे दाढीलाही नको म्हणाले. तपासणीत चिमूट जुळेना, खुर्चीतून उठता येईना, ओठांच्या कडेने लाळ आली. मी रुमाल पुढे केला तर मान हलवून नको म्हणाले. तपासणी संपली तेव्हा ह्यांच्या गळ्याचं बटण सुटलेलं होतं. एरवी असं झालं की मी ह्यांना पडद्याआड नेते. तशीच न्यायला लागले, तर हे हलेनात.

"इथंच लाव," हे म्हणाले. "बघू दे तिला."